तबला सुरात लावताना…

मैफल सुरू होण्यापूर्वी तंबोऱ्यांचा झंकार सभागृहात भरून राहिलेला असतो आणि त्याच वेळी व्यासपीठावरून हातोडीचे लहान लहान ठोके ऐकू येत असतात. तबलावादक मान किंचित झुकवून तबला फिरवीत असतो, एकेका ठिकाणी बोट मारून ऐकत असतो आणि पुन्हा एखादा ठोका देत असतो. बहुतेक श्रोत्यांच्या दृष्टीने हा मैफलीपूर्वीचा किरकोळ सोपस्कार होय. प्रत्यक्षात मैफलीच्या यशापयशाचा बराचसा भाग या पाच-दहा मिनिटांत ठरत असतो. तबला नीट मिळालेला नसेल, तर प्रत्येक समेवर एक चुकीचा स्वर वाजतो आणि गायकाला आपला षड्ज त्या स्वराशी झगडत सांभाळावा लागतो.

जगातील बहुसंख्य चर्मवाद्यांना निश्चित स्वर नसतो. बँडमधील साइड ड्रम, ढोल किंवा ताशा यांची पाने ताणून घ्यावी लागतात. पण ती नाद खणखणीत यावा म्हणून, अमुक एका स्वरासाठी नव्हे. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील टिंपनी हा त्यातला ठळक अपवाद. तबला, पखवाज आणि मृदंगम् ही भारतीय वाद्ये मात्र स्वर देणारी चर्मवाद्ये आहेत. वेगवेगळ्या स्वरांत मिळविलेले अनेक तबले अर्धवर्तुळात मांडून त्यांवर धून वाजविणारे ‘तबलातरंग’ हे वाद्य त्याचा बोलका पुरावा आहे. तबल्याला हा स्वर कोठून मिळतो, हे समजून घेतले की तो मिळविण्याची रीत आपोआप उलगडते.

प्राचीन ‘मार्जना’

चर्मवाद्य स्वरात लावण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पुष्कर वाद्यांच्या वर्णनात ‘मार्जना’ ही संज्ञा येते. वाद्याच्या मुखांवर लेप देऊन ती ठरावीक स्वरांत मिळविणे म्हणजे मार्जना. मायूरी, अर्धमायूरी आणि कार्मारवी असे तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. लेपासाठी नदीकाठची काळी माती वापरावी, असे त्यात म्हटले आहे. आजच्या पखवाजाच्या डाव्या मुखाला वादनापूर्वी भिजवलेली कणीक लावतात आणि वादन संपल्यावर ती खरवडून काढतात. वारकरी भजनात हे दृश्य महाराष्ट्राच्या गावोगावी दिसते. उजव्या मुखावर आणि तबल्यावर मात्र हा लेप कायमचा असतो. त्यालाच आपण शाई म्हणतो.

शाईचे गणित

एकसारख्या जाडीचे कातडे गोल कड्यावर ताणून त्यावर आघात केला, तर त्यातून एकाच वेळी अनेक कंपने निर्माण होतात. मूळ कंपनाची संख्या १ मानल्यास पुढील कंपने सुमारे १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा पटींत येतात. तारेची उपकंपने २, ३, ४, ५ अशा पूर्णांक पटींत असतात, म्हणून ती कानाला एका स्वरासारखी लागतात. कातड्याच्या कंपनांत असे नाते नसल्यामुळे साध्या ढोलातून नाद निघतो, स्वर निघत नाही.

तबल्याच्या बाबतीत हे चित्र शाईमुळे पालटते, हे प्रथम शास्त्रीय पद्धतीने दाखविले ते सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या विषयावर टिपण प्रसिद्ध केले. पुढे १९३४ मध्ये ‘इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेस’च्या नियतकालिकात त्यांनी भारतीय चर्मवाद्यांवर सविस्तर निबंध लिहिला. तोपर्यंत, १९३० मध्ये, त्यांना प्रकाशाच्या विकिरणावरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळालेले होते. वाद्याच्या मुखावर बारीक वाळू पसरून, आघातानंतर ती कोणत्या रेषांवर गोळा होते हे पाहून त्यांनी कंपनांचे आकार निश्चित केले. मध्यभागी वजन आल्यामुळे कातड्याची पहिली नऊ कंपने पाच गटांत एकत्र येतात आणि हे पाच गट १, २, ३, ४, ५ अशा पटींत बसतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजेच तबल्याचे कातडे तारेसारखे वागू लागते. १९५४ मध्ये बी. एस. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी याच प्रश्नाची गणिती मांडणी केली.

यातून वादकाने ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, तबल्याचा स्वर मुळात शाईत आहे. हातोडीने तो केवळ वर-खाली करता येतो. शाई विरली असेल, तिचे कण सुटू लागले असतील किंवा ती कातड्यापासून उचलली गेली असेल, तर कितीही ठोके दिले तरी तबला बोलत नाही. अशा वेळी दुरुस्तीसाठी तबला कारागिराकडेच न्यावा लागतो.

तबल्याची अंगे

तबला लावण्यापूर्वी त्याच्या अंगांची ओळख हवी. लाकडी भांड्याला खोड म्हणतात. ते शिसव, खैर, बाभूळ अशा घट्ट लाकडाचे असते. त्यावर बसविलेली बकऱ्याच्या कातड्याची पुडी हा तबल्याचा प्राण होय. पुडीच्या कडेची अरुंद पट्टी म्हणजे चाट किंवा किनार, मधले काळे वर्तुळ म्हणजे शाई आणि या दोहोंमधील मोकळी जागा म्हणजे लव किंवा मैदान. पुडीच्या काठाने चामड्याची जाड वेणी गुंफलेली असते, तिला गजरा म्हणतात. गजऱ्यातून ओवलेली वादी खोडाच्या तळाशी असलेल्या कड्यात अडकवून पुन्हा वर आणलेली असते. वादीच्या ओवणीमुळे गजऱ्याचे सोळा भाग पडतात. त्यांना घरे म्हणतात. वादी आणि खोड यांच्यामध्ये आठ लाकडी गठ्ठे अडकविलेले असतात. म्हणजे एका गठ्ठ्याच्या वाट्याला साधारण दोन घरे येतात. तबला ज्यावर ठेवतात ती कापडी वळी म्हणजे चुंबळ.

शाई करणे हे अत्यंत कष्टाचे काम आहे. लोखंडाची बारीक पूड आणि शिजवलेल्या पिठाची किंवा भाताची खळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर कातड्यावर देऊन तो दगडाने घोटला जातो. तो वाळत आला की दुसरा, थोडा लहान थर. अशा अनेक थरांनी शाई मध्यभागी जाड आणि कडेला पातळ होत जाते. घोटण्यामुळे तिच्यात अतिशय बारीक भेगांचे जाळे पडते. या भेगा म्हणजे दोष नव्हेत. त्यांच्यामुळेच हा कडक लेप कातड्याबरोबर लवचीकपणे हलू शकतो. थर किती द्यायचे, हे कारागीर ठोका देऊन, ऐकून ठरवितो.

स्वराची निवड

तबला कोणत्या स्वरात लावायचा, हा पहिला प्रश्न. सामान्यतः तो गायकाच्या किंवा वादकाच्या षड्जात मिळविला जातो. पुरुष गायकांची पट्टी बहुधा पांढरी १, काळी १ किंवा तिच्या आसपास असते. त्यासाठी पाच ते साडेपाच इंच तोंडाचा तबला चालतो. स्त्री गायिकांची पट्टी बरेचदा पांढरी ५, काळी ४ किंवा काळी ५ अशी असते. त्या षड्जात तबला लावायचा तर सहा इंचांच्या आसपासचे मोठे तोंड असलेला, ढाल्या स्वराचा तबला हवा. तो नसल्यास लहान तोंडाचा, टिपेचा तबला मध्यमात किंवा पंचमात मिळवितात. उदाहरणार्थ, गायिकेची पट्टी काळी ४ असेल, तर काळी १ हा तिचा मध्यम आणि काळी २ हा पंचम होतो. येथे रागाचा विचार आवश्यक ठरतो. मालकंसात पंचम वर्ज्य असल्याने तबला पंचमात लावणे रसभंग करणारे ठरेल. भूप रागात मध्यम नाही. तेथे पंचम चालेल.

प्रत्येक तबल्याची स्वराची एक मर्यादा असते. पुडीची जाडी, शाईचे वजन आणि तोंडाचा व्यास यांनुसार ती ठरते. या मर्यादेपेक्षा फार वर चढवलेला तबला कोरडा आणि टणक वाजतो आणि पुडी फाटण्याचा धोका असतो. फार उतरवलेल्या तबल्याचा नाद पसरट होतो व त्याची आस टिकत नाही. म्हणूनच व्यावसायिक वादक वेगवेगळ्या पट्टींचे दोन-तीन तबले बाळगतात. पट्टी आधी विचारून योग्य तबला सोबत नेणे, ही तबला लावण्याची खरी पहिली पायरी होय.

गठ्ठे आधी, गजरा नंतर

तंबोरे मिळाल्यानंतरच तबला मिळवावा, हा क्रम कटाक्षाने पाळला जातो. तबला चुंबळीवर स्थिर ठेवून आधी त्याचा एकूण स्वर अजमावावा. तो अपेक्षित स्वरापासून अर्ध्या-एक स्वराने दूर असेल, तर गठ्ठ्यांचा उपयोग करावा. गठ्ठा हातोडीने खाली, तळाकडे सरकविला की वादी ताणली जाते आणि स्वर चढतो. वर सरकविला की स्वर उतरतो. आठही गठ्ठे सारख्याच प्रमाणात सरकवावेत. एका बाजूचे गठ्ठे खाली आणि दुसऱ्या बाजूचे वर राहिले, तर पुडी एकीकडे ओढली जाते आणि पुढचे सारे काम बिघडते.

स्वरातील फरक थोडा असेल, तर गठ्ठ्यांना हात न लावता गजऱ्यावर काम करावे. गजऱ्यावर वरून खाली ठोका दिल्यास स्वर चढतो, खालून वर दिल्यास उतरतो. ठोका नेमका गजऱ्यावर पडला पाहिजे. तो चाटेवर पडल्यास पुडी फाटू शकते, खोडावर पडल्यास लाकडाची कड दुखावते. एक जोरदार घाव घालण्यापेक्षा दोन-तीन हलके ठोके देणे केव्हाही चांगले.

सोळा घरे, एक स्वर

तबला लावण्याचे मर्म या टप्प्यात आहे. तबल्याचा एकूण स्वर षड्जाशी जुळला म्हणजे तबला लागला असे नव्हे. सोळाही घरांवर तोच स्वर मिळाला पाहिजे.

प्रत्येक घराचा स्वर ऐकण्यासाठी ‘ना’ हे अक्षर वाजवितात. अनामिका शाईच्या कडेवर हलकी टेकवून तर्जनीने चाटेवर आघात केला की ‘ना’ उमटतो. टेकलेल्या अनामिकेमुळे सर्वांत खालचे कंपन दबते आणि वरचे स्वच्छ स्वर ऐकू येतात. सूक्ष्म फरक ओळखण्यास हे अक्षर म्हणूनच सर्वांत सोयीचे.

जे घर स्वराच्या सर्वांत जवळ असेल, त्यापासून आरंभ करावा. ते पूर्ण जुळवून त्याला पहिले घर मानावे. त्यानंतर शेजारच्या घराकडे न वळता थेट समोरचे, म्हणजे नववे घर घ्यावे. ताण पुडीवर आरपार पसरत असल्याने एका घरावरील ठोक्याने समोरच्या घराचा स्वरही थोडा बदलतो. म्हणून ही जोडी एकत्र जुळविणे श्रेयस्कर. मग काटकोनातील पाचवे आणि तेरावे घर, त्यानंतर तिसरे व अकरावे, सातवे व पंधरावे, आणि शेवटी याच रीतीने उरलेली सम घरे. एक फेरी पूर्ण झाली की तबला फिरवून सर्व घरे पुन्हा ऐकावीत. पहिल्या फेरीत जुळलेले घर नंतरच्या ठोक्यांनी किंचित हललेले असते. दुसऱ्या फेरीत ठोके कमी लागतात आणि तिसऱ्या फेरीत बहुधा केवळ ऐकण्याचेच काम उरते.

घरे सारखी नसल्यास नेमके काय बिघडते? गोल पुडीची बहुतेक कंपने जोडीने होतात. ताण सर्वत्र समान असेल, तर जोडीतील दोन्ही कंपनांची गती एकच असते. एका दिशेला ताण अधिक झाला की या जोडीत फट पडते, दोन अगदी जवळचे स्वर एकाच वेळी वाजू लागतात आणि नाद लाटेसारखा हेलकावतो. तबल्याचा ‘ना’ थरथरत लांबतो आहे असे वाटले, तर एकूण स्वर बदलण्याऐवजी घरांतील विषमता शोधावी. नवशिके नेमके येथे चुकतात. त्यांना स्वर कमी वाटतो, ते सर्व बाजूंनी चढवीत जातात आणि तबला चढतो पण सुरात येत नाही.

शेवटी ‘तिं’ आणि ‘तूं’ ही खुली अक्षरे वाजवून पाहावीत. नाद मोकळा, गोल आणि खरखरीविना आला, तर तबला लागला असे समजावे.

डग्ग्याचा घुमारा

डग्गा अमुक एका स्वरात लावलाच पाहिजे असा दंडक नाही. काही वादक तो खालच्या षड्जाच्या किंवा पंचमाच्या आसपास ठेवतात. त्याची शाई मध्यभागी नसून एका बाजूला असते. त्यामुळे मनगट टेकण्यास लवेवर ऐसपैस जागा मिळते आणि मनगटाच्या दाबाने स्वर चढ-उतार करता येतो. डग्ग्याची पुडी फार ताणली तर हा घुमारा नाहीसा होतो. फार सैल ठेवली तर आवाज फडफडतो. गजऱ्यावर सर्व बाजूंनी सारखा ताण आणून मनगटाच्या दाबाला नाद सहज उत्तर देईल इतपत तो ठेवणे, हाच त्याचा निकष.

हवामानाचा लहरीपणा

कातडे हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात मुंबई-कोकणाच्या दमट हवेत पुडी सैलावते आणि तबला उतरतो. कोरड्या हवेत किंवा व्यासपीठावरील दिव्यांच्या उष्णतेने ती आवळते आणि तबला चढतो. घरी काटेकोर लावलेला तबला वातानुकूलित सभागृहात पोहोचल्यावर बदललेला आढळतो, तो यामुळेच. वाद्य मैफलीच्या अर्धा-पाऊण तास आधी व्यासपीठावर नेऊन तेथील हवेत ठेवावे आणि नंतरच लावावे. वादन चालू असतानाही स्वर हलतो. जाणकार वादक आलापीच्या जागा हेरून, लय न मोडता, एखाद-दुसऱ्या ठोक्याने तो जागेवर आणतात. ओलसर झालेली पुडी उन्हात किंवा विस्तवाजवळ धरणे मात्र टाळावे. उष्णतेने शाई सुटते. तबला नेहमी कापडी गादीने झाकून ठेवावा. हाताचा घाम शाईला लागू नये म्हणून वादक पावडर वापरतात, पण वादनानंतर ती कोरड्या कापडाने पुसून टाकणे आवश्यक आहे.

यंत्र आणि कान

मोबाइलवरील स्वरमापक आता सर्वांच्या हाती आले आहेत. ४४० हर्ट्झचे प्रमाण धरल्यास मध्य सप्तकातील काळी १ सुमारे २७७ हर्ट्झची येते. यंत्र हा आकडा दाखविते आणि नवशिक्याला दिशा कळते. पण तबल्याच्या एका आघातातून अनेक कंपने निघत असल्यामुळे यंत्राचा काटा पुष्कळदा एका आकड्यावर ठरत नाही. शिवाय मैफलीत प्रमाण असतो तो तंबोऱ्याचा षड्ज. तो यंत्रातील प्रमाणापेक्षा किंचित वर किंवा खाली असू शकतो. अशा वेळी यंत्राप्रमाणे अचूक लावलेला तबलाही तंबोऱ्याशी विसंवादीच ठरतो. म्हणून गुरुजन विद्यार्थ्याला आधी तंबोरा ऐकायला आणि षड्ज गळ्यातून काढायला सांगतात. जो स्वर गळ्यात नाही तो हातोडीला सापडणे कठीण.

मराठी रसिकांना सुरेल तबल्याची गोडी लावण्यात संगीत रंगभूमीचा मोठा वाटा आहे. उस्ताद अहमदजान थिरकवा यांनी गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना साथ केली. पदाच्या नाजूक जागांमध्ये ऑर्गन, गायकाचा गळा आणि तबला एकाच षड्जात मिसळणे, ही त्या साथीची पूर्वअट होती.

तबला विकत घेताना किंवा नवी पुडी चढविताना हीच कसोटी लावावी. सोळाही घरांवर ‘ना’ वाजवून पाहावा, शाईवर बोट फिरवून ती कोठे उचललेली नाही ना हे पाहावे आणि हलक्या ठोक्याने स्वर चढतो-उतरतो का याची खात्री करावी. चांगल्या कारागिराने केलेल्या पुडीची किंमत थोडी अधिक असते. परंतु ती सुरात येते आणि सुरात राहते. विद्यार्थ्यानेही रोज रियाजाला बसण्यापूर्वी तबला स्वतःच्या हाताने लावावा. पहिले काही महिने त्यात अर्धा तास जाईल, पण त्या अर्ध्या तासात कान तयार होतो आणि पुढे साथीला बसल्यावर गायकाला त्याचा खरा आधार मिळतो.